गेलं म्हण

"गेलं म्हण, शिले. म्हण, गेलं."

हा आवाज उजव्या कानात यायचा, कोमट, मिश्रीचा आणि मेंढीच्या दुधाचा वास घेऊन. आवाज मायचाच होता, पण त्याला तोंड नव्हतं. नुसता श्वास होता आणि गालाला टोचणारी घोंगडीची लोकर. तो ऐकला तेव्हा आपण शाळेत जात होतो की नव्हतो हेही शीलाला आता सांगता आलं नसतं. नंतरच्या वर्षांत तो कुठंतरी खोल जाऊन बसला होता, दोर तुटलेली घागर आडाच्या तळाशी बसते तसा, आणि तो तिथं आहे हेच ती विसरली होती. मग एका सकाळी छावणीतल्या लॅबमध्ये, रक्त काढायच्या खुर्चीत बसलेल्या फकिराकाकांच्या हातावर कापूस दाबून धरताना, तो एकदम वर आला.

फकिराकाका दर महिन्याला साखर तपासायला यायचे. उपाशीपोटी, धुतलेला सदरा घालून, देवाला जावं तसे. त्यांच्या शिरा म्हाताऱ्या, सरकणाऱ्या. बोटाखाली सापडायच्या आणि सुई जवळ आली की बाजूला व्हायच्या. पण शीलाच्या हाताला शिरा कळत. लॅबचे सर नव्या मुलींना सांगायचे, बघू नका, मॅडमसारखं चाचपा. पट्टा बांधायचा, मूठ वळायला लावायची, बोटाच्या पेरानं कातडीखालचं लवचिक काहीतरी शोधायचं, आणि म्हणायचं, मुंगी चावल्यागत होईल बरं का. इतकी वर्षं हेच. त्या सकाळी तिचा उजवा खांदा नेहमीसारखाच दुखत होता. दिवाळीपासून दुखत होता आणि हाडांच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय, मानेची नसही दबलीय असं सांगून व्यायाम दिले होते. पण आज खांद्यापासून खाली हात झोपायला लागला. आधी कोपर, मग मनगट, मग बोटं, जणू एकेका खोलीतला दिवा कुणी मालवत खाली येत होतं. सुई शिरली आणि घसरली. तिनं दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा काकांच्या कातडीखाली निळं टेंगूळ उठलं.

"लागलं का काका?"

"नाय बाई. लागलंच नाय. काहीच नाय."

ते हसत होते. डोळे भरले होते तरी हसू जागेवर होतं. शीलाची नजर खाली गेली. काकांच्या चपलेत पायाची बोटं वळून घट्ट मिटली होती, ऊन लागल्यावर गोम मिटते तशी. तोंडानं नाय म्हटलं होतं, पायांना ते जमलं नव्हतं. तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला, दुसऱ्या मुलीला हाक मारली, आणि तेवढ्यात तो श्वास कानात आला. गेलं म्हण. तिनं वळून पाहिलं. मागे फक्त नळ्यांची मांडणी होती, लाल टोपणाच्या, जांभळ्या टोपणाच्या.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. रागावले नाहीत. म्हणाले, मॅडम, खांदा बरा करा आणि मगच खुर्चीला या. पुढच्या महिन्यात आपण घरी जाऊन सॅम्पल घ्यायचं सुरू करतोय, ते तुमच्याच भरवशावर. नाही जमलं तर मग काउंटरवर बसा, पावत्या फाडा, दुसरी कुणी बघू. शीला "जमेल सर" म्हणाली. चहा संपायच्या आत तिनं ते म्हटलंसुद्धा होतं. तिच्या तोंडात असे शब्द तयारच असत, सुपारीच्या खांडासारखे गालात धरलेले.

सुयांचा दवाखाना शहागंजात होता, खजूर आणि सुक्या मेव्याच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून. लॅबमधल्या एका बाईनं सांगितलं होतं, तिची कंबर तिथं सुटली होती. डॉक्टर नुसरत बुढीलेन मोहल्ल्यातल्या, शीलाच्याच वयाच्या, चष्मा कायम डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. मुंबईत राहून ही चिनी विद्या शिकून आलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हाडवाले डॉक्टर का इलाज बंद नक्को करना. व्यायाम चालू ठेवा. मैं जादू नहीं करती." मग स्टीलच्या डबीतून सुया काढल्या, केसाएवढ्या बारीक, शीलानं कधीच हातात न धरलेल्या. तिच्या सुया पोकळ असत, काहीतरी बाहेर काढायच्या. या भरीव होत्या. यांना काही काढायचं नव्हतं, नुसतं आत जाऊन थांबायचं होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ जागेत एक, कोपराच्या घडीशी एक, खांद्यावर काही, आणि कुठंच दुखत नसलेल्या पायाच्या नडगीवरसुद्धा एक. नुसरत सुई दोन बोटांत धरून हलकी फिरवायच्या आणि विचारायच्या, "क्या होरा? जड वाटतं? मुंग्या? कोमट? खिंचता है? जे होतं ते बोला." शीला म्हणायची, काही नाही. मग त्या सुई किंचित पुढे सरकवायच्या, पुन्हा विचारायच्या. "देखो बाई, अंधेरे में चलरी मैं. तुम्हारे जवाब पे सुई फिरती. तुम बोलेंगे नहीं तो मैं किधर जाऊं?" आणि शीला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, म्हणायची, हो, जरा जड वाटतंय. खरं तर तेव्हा खांद्याच्या आतून एक तापलेली तार बोटांच्या टोकापर्यंत खेचली जात होती.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला नुसरतनी एक कांडी पेटवली. विडीहून जाड, उदबत्तीहून आखूड, आत चुरलेला पाला. "दवणे के खानदान का झाड है," त्या म्हणाल्या, "चीन में इसी की धुनी देते. अंगाला लावायची नाही, नुसती जवळ धरायची. गरम लगा तो बोलना, मैं उठा लेती." शीला पालथी पडली होती. मान एका बाजूला, डोळ्यांसमोर भिंतीचा हिरवा रंग. धूर आला. वास दवण्याचा नव्हताच. तो शेणकुटाचा होता, ओल्या लोकरीचा होता, लोखंडाचा होता. उजव्या खांद्यावर ऊब उतरली, मग ऊन, मग ऊन तीव्र झालं, आणि तिच्या तोंडातून, तिनं न बोलावता, शब्द आला.

"गेलं."

"क्या गया?"

"गेलं," शीला पुन्हा म्हणाली.

नुसरतनी वाकून पाहिलं आणि कांडी झटक्यात उचलली. कातडी लाल झाली होती. थंड पाण्याचा बोळा ठेवत त्या म्हणाल्या, "इतने साल में पहला मरीज देखी जो जलने पे बोलता, चला गया." त्या हसल्या, पण बोट तिथंच थांबलं होतं, लाल झालेल्या जागेच्या शेजारी, जिथं कातडी चकचकीत आणि आडवी होती, चंद्रकोरीसारखी. "और ये? ये तो पुराना है."

"लहानपणी भाजलं," शीला म्हणाली.

तेव्हा चितेगावच्या पलीकडे कारखाने नव्हते. पैठणच्या रस्त्याला लागून मोकळी रानं होती आणि कुणब्यांच्या शेतात मेंढरं बसवायला शीलाच्या घरच्यांचा कळप उतरायचा. मेंढरं शेतात रात्र काढत, लेंड्यांचं खत पडे, बदल्यात धान्य मिळे. संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. भांडी, मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, कोंबड्या, नवं कोकरू, आणि त्या सगळ्यावर शीला. एका उतारावर घोडं बुजलं आणि ती खांद्यावर पडली. खांदा सुजून भोपळ्याएवढा झाला. तिला रडल्याचं आठवत नाही, सगळ्या बायांचे घागरीसारखे गोल चेहरे वरून वाकलेले आठवतात. मग सरूआत्या आली, वडिलांची, म्हणजे मल्हाररावांची थोरली बहीण, तिच्या शब्दाबाहेर तेसुद्धा जात नसत. डाग तीच द्यायची, मेंढरांना आणि लेकरांना. विळ्याचं टोक शेणकुटाच्या आरात, निखाऱ्यात, लाल व्हायचं आणि दुखऱ्या जागी टेकायचं. रीत अशी होती की डाग देऊन विचारायचं, गेलं का? लेकरानं स्वतःच्या तोंडानं गेलं म्हटलं की दुखणं गेलं. नाही म्हटलं तर ते अजून आत दडून बसलंय, म्हणजे आणखी एक. शीला दोन्ही वेळा नाय म्हणाली, कारण नव्हतंच गेलं. लोखंड पुन्हा आरात गेलं. आणि मग कुणीतरी तिचं डोकं छातीशी धरलं, लोकर गालाला टोचली, कानात श्वास आला.

ती म्हणाली, गेलं. सरूआत्यानं विळा मातीत खुपसला, चर्र झालं. बघा, गेलं. सगळ्यांचे चेहरे सैल झाले, कुणी चिलीम पेटवली, आणि वडिलांनी हसून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

त्या गुळाची चव अजून जात नाही असं तिला कधीकधी वाटे. तो शब्द म्हटला की भोवतीची माणसं सैल होतात, हे तिला त्या दिवशी कळलं आणि मग ते इतकं अंगात मुरलं की कळल्यासारखंही राहिलं नाही. शाळेत बाईंची पट्टी हातावर बसली तेव्हा. लग्नात सासूनं सगळ्यांसमोर धनगराची पोर म्हणून टोचलं तेव्हा. लेकीच्या, श्रेयाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात, जेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई ओरडून भिंती हलवत होती आणि नर्स शीलाकडे बोट दाखवून तिला म्हणाली, ती बघ, कशी शहाणी. नवऱ्याची, रामची ड्यूटी चितेगावच्या कारखान्यात, पाळी बदलती, घरी आला की विचारायचा, बरं आहे ना? आणि उत्तर ऐकायच्या आधीच बूट काढायला वाकायचा. बरं आहे. तुझं एक चांगलंय शीला, तुला काही लागत नाही. हे त्यानं कौतुकानं म्हटलेलं ती कित्येक दिवस अंगावर शालीसारखं पांघरून वावरली होती. श्रेया पुण्याहून फोन करायची, आई, खांदा? अगं गेला कधीच. तिकडून लगेच दुसरी गोष्ट सुरू व्हायची, आणि शीला फोन डाव्या हातात धरून ऐकत राहायची.

आणि माय. कस्तुराबाई थंडी संपताना राहायला आली ती इथंच टेकली होती, गावात मेंढरं आता दुसऱ्यांची, घरात एकटीनं करायचं तरी काय. तिला अजून हे शहर औरंगाबाद होतं आणि छावणी म्हणजे लष्कराची तोफ वाजायची ती जागा. गॅलरीत बसून ती चातीवर लोकर कातत राहायची. खालून रिक्षा जात, मैदानावर शिट्टी वाजे, तिच्या मांडीवर चाती भिरभिरे आणि तोंडात कसलीशी ओवी.

बाई मेंढी गं चालली, मागं कोकराची हाळी
ऊन उतरू दे माळी, मग घेईन गं झोळी

शीला भाजी निवडत ऐकायची. लहानपणी ती ओवी तिला आवडायची नाही. मेंढी थांबत का नाही, असं तिला वाटे. ऊन उतरेपर्यंत कोकरानं काय करायचं? पण विचारायची सोय नव्हती, कारण माय ओवी कुणाला म्हणते हे कधी कळतच नसे. इतक्या आठवड्यांत मायनं एकदाही विचारलं नव्हतं, खांदा कसाय. शीला दवाखान्यातून आली की ती नुसती बघायची, आपादमस्तक, विकत घ्यायच्या मेंढीला बघावं तशी, आणि पुन्हा चातीकडे वळायची. शीलाला वाटायचं, बरोबरच आहे. जिनं स्वतः कानात सांगितलं, गेलं म्हण, ती कशाला विचारील. त्या वाटण्यात राग नव्हता. एक जुनी, गार जागा होती, फरशीवर अनवाणी पाय पडावा तशी, आणि तिला तिची सवय होती. मधे एकदा स्वयंपाकघरात मिठाची बरणी वरच्या फळीवरून ओट्यावर आली. मग तिखटाची, मग चहा-साखरेचे डबे. शीलाला वाटलं, मायचा हात पोचत नसेल.

दवाखान्यात खेपा होत राहिल्या. कधी सुया, कधी काचेच्या वाट्या, ज्या पाठीवर चिकटून कातडी वर ओढून घेत आणि काढताना पुच्च असा आवाज करत. खालच्या गल्लीत लोक असल्याच वाट्यांना हिजामा म्हणत, मायच्या पिढीत तुंबडी म्हणत. खरं सांगायचं तर काही सुटलंही होतं. मान वळत होती, रात्री कूस बदलता येत होती. नुसरतच्या हाताखाली पडल्यावर एक शांतपण येई, सुया टोचलेल्या जागा दूरच्या वस्त्यांसारख्या मिणमिणत आणि त्यांच्यामधल्या काळोखात तिला छान तरंगता येई. पण तार होती. हात वर नेला की होती, आणि हात झोपणंही होतंच. परवा भाताचं भांडं उजव्या हातातून सुटलं होतं. ती म्हणाली होती, ओलं होतं. नुसरतना तिनं सांगितलं, आता खूपच कमी आहे. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, जवळजवळ गेलंच. नुसरत खूश झाल्या, खांद्यावरच्या काही सुया त्यांनी बंद केल्या आणि म्हणाल्या, "तो फिर बस. एक बार और आना, शेवटचं. सोमवार से काम पे जाओ." शीलानं सरांना फोन केला. सर म्हणाले, वा मॅडम. त्यांचा आवाजही सैल झाला.

त्या शेवटच्या दुपारी ती निघाली तर माय दारात उभी. लुगडं नीट नेसलेली, पायात चपला, काखेत पिशवी.

"कुठं निघालीस माय?"

"तुह्यासंगं. बघू दे मला बी त्या सुया."

"जिना लई उभा आहे. गुडघे दुखतील."

"माझं दुखल तर मी सांगन," माय म्हणाली आणि पुढे निघालीसुद्धा.

शहागंजात दुपारची नमाज होऊन गेली होती. मनोऱ्यावरच्या घड्याळाखाली कबुतरं उतरली होती, गाड्यांवर खजुरांचे ढीग ओलसर चमकत होते. माय जिन्यात दोनदा टेकली. वर आल्यावर पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. तक्त्यात एक उघडा चिनी माणूस उभा होता आणि त्याच्या अंगभर रेषा, टिंबं टिंबं.

"डागतरीणबाई, ह्या माणसाच्या अंगावर वाटा कुणी काढल्या? मेंढरं जात्यात तशा दिसायल्यात."

"हौ माय, रस्तेच है वो," नुसरत हात धुताना हसल्या. "रस्ता खुला तो बदन खुश. जिथं रस्ता अडला तिथं दर्द."

"चीनमधी बी मेंढरं असतील मग."

"बहुत."

"मंग बरोबर. वाटा काढायला मेंढरंच पायजेत. माणसं आपली सरळ जात्यात."

नुसरतना ते फार आवडलं. सुया लावताना त्या स्वतःशीच हसत होत्या. शीला पालथी पडली होती, खांदा उघडा, चेहरा हिरव्या भिंतीकडे. हातात सुई गेली, कोपरात गेली. "क्या होरा?" काही नाही. नडगीवर गेली. "जड?" थोडं. पडद्याआड दुसऱ्या पलंगावर कुणीतरी वाट्या लावून पडलं होतं, नुसरत तिकडे गेल्या, पुच्च, पुच्च असे आवाज येत राहिले. खोलीत पंख्याचा वारा फिरत होता. मायची नजर शीलाला तळव्यांवर जाणवत होती, उन्हासारखी. सोमवारी काय होईल, शीला विचार करत होती. एखादी खुर्ची, एखादा हात. घरोघरी जायचं म्हणजे म्हातारी माणसं, अंथरुणातली, सरकणाऱ्या शिरांची. मुंगी चावल्यागत होईल. आणि ती सगळी म्हणतील, नाय बाई, लागलंच नाय, कारण तीही अशाच कुठल्या गुळावर वाढलेली. ती पुन्हा टोचेल. ती पुन्हा म्हणतील नाय. कितीतरी माणसं अशी एकमेकांना सैल करत चाललेली तिला दिसली, लांबच लांब, माळावरून, आणि कुणीच कुणासाठी थांबत नव्हतं. तिला उठून बसावंसं वाटलं. पण अंगात सुया होत्या, हलायची सोय नव्हती. मग पायाकडून, अगदी हळू, चातीशिवायच, मायची ओवी सुरू झाली. मागं कोकराची हाळी. ऊन उतरू दे माळी. शीलानं डोळे मिटले. ऊन म्हणजे काय, तिला पहिल्यांदाच वाटलं, ऊन मेंढीच्याही पाठीवर असेल.

नुसरत परत आल्या. सुया काढल्या, आणि शेवटची धुनी म्हणून कांडी पेटवली. काडी ओढल्याचा आवाज, मग धूर. ओवी तुटली.

स्टूल सरकल्याचं शीलाला ऐकू आलं. मायची पावलं पलंगाच्या कडेनं वर आली, उजव्या बाजूनं, आणि तिच्या डोक्याशी थांबली.

"हे काय आणायलात हिच्या अंगाशी?"

"कुछ नहीं माय, धुनी है. शेकायचं. टेकवत नाही मैं."

"उचलता कधी?"

"ये बोलेगी ना, गरम हुआ करके. बोली की उठा लिया."

"आन् नाय बोलली तर?"

"तो मेरे को कैसा मालूम होना?" नुसरत समजुतीनं म्हणाल्या. "इसी के बोलने पे है सब. अब तो दर्द भी गया इसका, आज आखरी दिन है."

"गेलं म्हणली?"

"हौ. खुद बोली."

खांद्यावर ऊब उतरायला लागली होती. शीलाला भिंत दिसत होती, आणि भिंतीच्या अलीकडे मायच्या लुगड्याचा काठ, आणि काठाला चिकटलेला लोकरीचा एक पांढरा केस.

"डागतरीणबाई," माय म्हणाली, आणि तिचा आवाज ओवीतल्यापेक्षा खाली गेला होता, "हिच्या तोंडाकडं बघू नका. पायाची बोटं बघा. मघापासून बघायले मी. तुम्ही सुई फिरवली की मिटत्यात. ही तिकडून म्हणती कायी नाय."

नुसरतची कांडी वर उचलली गेली. शीलानं पाय हलवायचा प्रयत्न केला. बोटं खरंच मिटलेली होती. ती आत्ता, आत्ता कुठं तिला सोडवता आली.

"घरात डाव्या हातानं वाढती. बरण्या मी खाली आणून ठिवल्या. मला वाटलं बोलंल. आज बोलंल, उद्या बोलंल." मायनं खांद्याकडे बोट केलं. "ही नाय बोलायची. हिला मीच शिकवलंय ते. ती खूण दिसायली ना खांद्यावर? नणंद डाग द्यायली. लेकरानं गेलं म्हणल्याबिगर लोखंड खाली ठिवायची नाय तिची रीत. हिचं आपलं नाय, नाय. तिसऱ्यांदा लाल करायली व्हती. तिच्याफुडं माझं चालत नव्हतं. हात धरायची माझी टाप नव्हती. माझ्यापाशी दुसरं कायीच नव्हतं बाई, एक शबुद व्हता. तो दिला हिच्या कानात."

मायनं पदरानं तोंड पुसलं.

"नव्हतं गेलं तवा. मला ठावं व्हतं. सगळे गूळ खाऊन निजले, ही रातभर माझ्या मांडीवर कण्हली झोपेत. मी धरून बसले. पर कुणाला म्हणले नाय. हिला बी नाय." मायचा हात आला आणि शीलाच्या केसांवर थांबला, जड, खरखरीत, लोकरीच्या तेलाचा. "लोखंड सुटावं म्हणून दिला व्हता तो शबुद. जलमभर ठिवायला नव्हता दिला."

खाली गल्लीत एक गाडीवाला खजुराचं नाव घेत गेला, त्याचा आवाज कोपऱ्यावर वळला आणि बारीक होत संपला. मांडीवर कण्हल्याचं शीलाला काही आठवत नव्हतं. ती रात्र तिच्याजवळ नव्हतीच. ती इतकी वर्षं मायनं एकटीनं सांभाळली होती. कानातला श्वास तोच होता, वास तोच होता, फक्त आता त्याला तोंड होतं, सुरकुतलेलं, वाकून आलेलं, आणि ते काहीच म्हणायला सांगत नव्हतं. नुसतं जवळ होतं.

नुसरतनी कांडी पुन्हा खांद्याजवळ आणली, पण लांबच धरली. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"तो मैं फिर से पूछती, बाई," त्या हळू म्हणाल्या, आणि मग नीट मराठीत. "गेलं का?"

शीलाच्या गालात तो शब्द तयार होता. तिला तो जिभेनं जाणवला, गुळगुळीत, वर्षानुवर्षं चघळलेला. ऊब वाढत होती. तिनं तो शब्द तिथंच राहू दिला. मग तोंड उघडलं, आणि आवाज आला तो लॅबमधल्या मॅडमचा नव्हता. तो चितेगावच्या पलीकडचा होता, घोड्यावरून पडलेल्या पोरीचा.

"नाय गेलं," ती म्हणाली. "हितून बोटापर्यंत तार ओढल्यागत होतंय. हात झोपायलाय माझा. सोमवारी नाय जमायचं मला कुणाला टोचायला." तिनं श्वास घेतला. "आन् माय, गरम लागायलंय."